चढाला थांबणारी फटफटी

धारूरचा घाट वर येऊन संपतो तिथंच रस्त्याला लागून राधाकिशन मिस्त्रीचं गॅरेज. वैशाखातल्या त्या सकाळी हनुमाननं पिकअप दारात लावली, मिस्त्रीला हाक मारली अन् दोघांनी मिळून फटफटी खाली उतरवली. त्याच्या बापानं, बंकटबाप्पानं, मदतीला हात पुढं केला होता. हनुमाननं तो बघितला, न बघितल्यासारखं केलं.

"ह्यांना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बदलायचाय," तो मिस्त्रीला म्हणाला, बाप शेजारी उभा असून. "मी चहा घेऊन येतो." अन् रस्ता ओलांडून हॉटेलात गेला.

सत्यभामेला, हनुमानच्या आईला, जाऊन वर्ष होत आलं होतं. चार दिवसांवर वर्षश्राद्ध. ह्या वर्षभरात हनुमान बापाशी जे बोलला, ते असंच, दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून.

राधाकिशननं टाकीवरून फडकं फिरवलं. "आता सुचलं व्हय बाप्पा? दोन सालाखाली बोललो होतो, मोठ्या भोकाचा पितळी कॉक बसवा, चढाला पेट्रोल पुरत न्हाई हिला. माझी म्हातारी बहिरी हाय, पर ती बी यापेक्षा लवकर ऐकती."

बंकट कसनुसा हसला. "बसव आता. एकदा तरी घाट न थांबता चढू दे तिला."

फटफटी त्याच्या लग्नाच्या सालची. पन्नाशीला टेकलेली, रंग उडालेली, पण आवाज अजून खणखणीत. घाटाखाली त्यांची वस्ती. धारूरचा बाजार करून तो उतरणीला लागला की तो आवाज दोन वळणं आधी वस्तीवर पोचायचा, अन् चुलीपुढं बसलेली सत्यभामा सुनेला ऐकू जाईल अशी गुणगुणायची:

फटफट वाजती गं घाटाच्या उतारी
धनी माझा आला बाई, टाक तव्यावं भाकरी

पेट्रोलचा पंप वर धारूरला. म्हणून बंकट कॅन भरून आणायचा अन् घरी ठेवायचा. तो टाकीत ओतायचा मान सत्यभामेचा. तिनं उभा जन्म शेळ्यांचं दूध गाळण्यात काढलेला. न गाळता काही ओतणं तिला जमायचंच नाही. जुन्या लुगड्याचं फडकं टाकीच्या तोंडावर धरायची, कॅन तिरका करायची, अन् पेट्रोलची धार सावकाश सोडायची. फडक्याचा हिरवा-पिवळा काठ पेट्रोलनं भिजायचा. "हिच्या पोटात कचरा जाऊ देऊ नका," म्हणायची, जशी काय दारातली गाभण गाय.

गेल्या वैशाखात दुपारी तिच्या छातीत कळ आली. हनुमान पिकअपमध्ये शेळ्या घालून नेकनूरच्या बाजारी गेलता. वस्तीवर फोनला रेंज नाही. बंकटनं तिला फटफटीवर मागं बसवलं, पदरानं स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं, अन् घाटाला लागला. पहिल्या वळणाला फटफटी गुदमरली. लाथा मारून चालू केली. दुसऱ्याला परत. तिसऱ्या वळणाला, लिंबाच्या झाडापाशी, जी बंद पडली ती पडलीच. त्यानं लिंबाखाली तिला टेकवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या, दमली असंल ती बी." वरून टेम्पो येईस्तोवर अर्धा तास गेला. टेम्पोवाल्यानं उतरून तिच्याकडं बघितलं अन् डोक्यावरचं मुंडासं काढलं.

मातीच्या दिवशी हनुमान एवढंच बोलला होता, "कॉक बदला म्हणलं होतं तुमाला. कावून न्हाई बदलला?"

वर्षभर बंकट तेच एक वाक्य उशाला घेऊन झोपला.

राधाकिशननं आता पेट्रोल डब्यात काढून घेतलं, पाना लावून जुना कॉक सोडवला अन् उजेडात धरून फुंकून बघितला. कपाळाला आठी पडली.

"बाप्पा, भोक बारीक हाय, खरं. जाळी बी फाटलीय. पर पार थांबावं एवढं काय न्हाई ह्यात. सपाटीला कशी पळायची?"

"वाऱ्यावानी. उतरणीला बी. फकस्त चढाला मरायची. पहिलं नुसती दमायची, गेल्या सालच्या होळीपसून थांबायलाच लागली."

मिस्त्रीनं बॅटरी घेतली, टाकीच्या तोंडातून आत डोळा लावला. बराच वेळ लावला. मग तारेचा आकडा करून आत सोडला, इकडं तिकडं चाचपला, अन् हळूहळू ओढून काढला. आकड्याला वीतभर चिंधी लोंबत होती. पेट्रोलनं रंग विटला होता तिचा, पण एका कडेला हिरवं-पिवळं अजून ओळखू येत होतं.

बंकट खाली बसला. मांडी घालून नाही, धप्पदिशी, तेलकट फरशीवर.

त्या होळीच्या आधीची सकाळ त्याच्यापुढं उभी राहिली. सत्यभामा अंगणभर शोधत फिरली होती. "माझं गाळायचं फडकं कुठं गेलं? आत्ता तर हातात होतं!" मग दावणीची लाल शेळी दिसली, रवंथ करणारी. "हिनंच खाल्लं सटवीनं!" म्हणून तिच्या पाठीत एक धपाटा घातला, अन् दुसरी चिंधी फाडून घेतली. नवरा-बायको दोघंही हसली होती. त्या शेळीनं संध्याकाळी पाव शेर दूध कमी दिलं, तेव्हा सत्यभामा म्हणाली होती, "बघा, लुगडं पचंना तिला."

"सपाटीला हे आत पेट्रोलात नुसतं पवत असणार," राधाकिशन हळू आवाजात म्हणाला. "चढाला पेट्रोल मागं सरकलं, की हे बी मागं सरकायचं अन् कॉकच्या तोंडावर बसायचं. दोन सालाखाली नवा कॉक बसवला असता, तरी हे फडकं त्याच्या बी तोंडावर बसलं असतं बाप्पा. तुमचा काय बी दोष न्हाई. थांबा, हनुमानला बोलावतो. बघू दे त्याला."

"थांब."

बंकटनं चिंधी आकड्यावरून सोडवली. पिळली. पेट्रोलचे थेंब फरशीवर पडले अन् बघता बघता उडून गेले.

"त्याला सांगायचं न्हाई."

"येड लागलं का तुमाला? वर्षभर पोरगं तोंड फिरवून बसलंय—"

"बसू दे. माझ्यावर राग धरलाय त्यानं, म्हणून उभा तरी हाय त्यो. हे कळलं तर त्यो राग कुठं ठिवंल? आईवर?" बंकटनं चिंधी सदऱ्याच्या खिशात सारली. "तिनं शेळीला मारलं रे राधाकिशन. तिला बी ठावं नव्हतं. आता मेल्यावर तिच्या नावाला हे लावू?"

राधाकिशननं नवा कॉक घेतला, वायसर बसवलं, आट्या आवळल्या. जाड पाईप जोडला. डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायच्या आधी त्यानं जाळीचं नरसाळं धरलं, तेव्हा बंकटनं दुसरीकडं बघितलं.

हनुमान चहा घेऊन परत आला. "काय निघालं?" त्यानं मिस्त्रीला विचारलं.

मिस्त्री पाना पुसत राहिला.

"भोकच बारीक होतं," बंकट म्हणाला. "तू म्हणत होतास तेच."

हनुमानच्या जबड्याची शीर हलली. तो पिकअपकडं गेला.

फटफटी एका लाथेत चालू झाली. बंकट घाट उतरला, मागून पिकअप. खाली वस्तीचा फाटा आला, पण तो वळला नाही. तिथंच फटफटी फिरवली अन् परत घाटाला लागला. पहिलं वळण. दुसरं. एकदासुद्धा घुटमळली नाही. पाठीमागची सीट एवढी हलकी, की चढ चढ वाटेना. तिसरं वळण दिसलं, लिंब दिसला, अन् त्याला कळलं की ही आता थांबणार नाही. त्यानं वाकून नवा कॉक बंद केला. तरी पाईपातल्या पेट्रोलावर ती पळतच राहिली. लिंब मागं पडला, आणखी शंभर पावलं गेली, तेव्हा कुठं आवाज विझला.

तो चालत माघारी आला. लिंबाखाली बसला. वर निंबोळ्या पिकायला लागल्या होत्या.

त्याच्या मागं परत वर आलेली पिकअप थांबली. हनुमान उतरला. "परत बंद पडली?"

किती महिन्यांनी तो सरळ बापाकडं बघून बोलला होता.

"न्हाई. मीच थांबवली."

हनुमान उभा राहिला, मग हातभर अंतर ठेवून बसला. बराच वेळ घाटातून कुणी आलं नाही.

"अशी चढली असती तर..." त्याचा आवाज फुटला. "दादा, तवाच ऐकायला पाहिजे होतं तुमी माझं."

"व्हय रं बाबा. ऐकायला पाहिजे होतं."

मग हनुमान रडला. आईच्या मातीलाही रडला नव्हता तसा, गुडघ्यात डोकं घालून. बंकटनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ह्या वेळी त्यानं तो टाळला नाही.

थोड्या वेळानं नाक पुसत हनुमाननं वास घेतला. "पेट्रोल गळतंय का कुठं? लई वास यायलाय."

बंकटचा दुसरा हात सदऱ्याच्या वरच्या खिशावर गेला. खिसा अजून ओला होता.

"गळत न्हाई," तो म्हणाला. "हाताला लागलंय माझ्या."