ठळक तारीख

अठ्ठ्याहत्तर साली पिंपरीच्या एका कंपनीत कोंडीराम लेथवर राबत होता, तो एकाच आशेवर. दोनशे चाळीस दिवस सलग भरले की हंगामी माणसाला कायम करावं लागतं; म्हणून चार दिवस आधीच त्याच्या हातात 'ब्रेक'चं पत्र ठेवून घरी धाडायचं, हा कंपनीचा कुळाचार. दोन वर्षं कोंडीरामानं तो प्रसाद खाल्ला होता. यंदा मात्र कारकुनाच्या नजरेतून त्याचं हजेरीचं कार्ड सुटलं होतं. बायको सोजरबाई रोज डबा देताना बजावायची, "कुणापाशी बोलू नगा. गुमान दिस भरू द्या."

आणि नेमके तेव्हाच कंपनीचे मॅनेजर शरच्चंद्र साहेब मुंबईला आठवडाभराचं शिबिर करून आले. कंपनीच्या खर्चानं आलेलं शहाणपण, ते कुठंतरी सांडायला हवंच. कामगारांना कँटीनमध्ये बसवून त्यांनी एकेक कागद वाटला. वर 'माझं ध्येय', खाली 'माझं स्वप्न'.

"स्वप्न नुसतं बघायचं असतं," साहेब म्हणाले. "ध्येयाला तारीख असते. तारीख घाला."

एवढा मोठा साहेब आपल्याला ध्येय विचारतो, म्हणजे त्याच्या मनात काहीतरी असणारच, असं कोंडीरामासारख्या भोळ्या सांबाला वाटलं. त्यानं वर लिहिलं, 'कायम होणे', आणि पुढे दोनशे चाळिसाव्या दिवसाची तारीख, चांगली ठळक. खाली काय लिहावं सुचेना. तीन पाळ्यांनी डोळे चुरचुरत होते, म्हणून लिहिलं, 'महिनाभर पोटभर झोप'.

साहेबांनी पाठ थोपटली. सगळ्यांत नेमकं ध्येय म्हणून तो कागद फलकावर लागला. कारकुनानं तो वाचला, तारखेवर बोट ठेवलं आणि कार्डं चाळायला गेला.

दोनशे छत्तिसाव्या दिवशी पत्र आलं. पुरता एक महिना ब्रेक. कोंडीरामानं पत्र मुठीत धरलं. तसाच साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, तारीख घाला म्हणून तुमीच म्हणालात."

साहेबांनी त्याचा कागद मागवला, शांतपणे वाचला आणि खालच्या ओळीवर बरोबरची खूण केली.

"असं मन खट्टू करू नका, कोंडीराम. ध्येय राहिलं खरं, पण स्वप्न कंपनीनं पूर्ण केलं ना?"

घरी सोजरबाईनं अंथरूण घातलं. पुढचा महिनाभर कोंडीरामाच्या डोळ्याला डोळा लागला नाही.