कितवा गं?

राजश्रीच्या पोटानं तिला पुरतं हैराण केलं होतं. ब्राह्मीच्या वेळी सिझर झालं, पोरगी सहा वर्षांची झाली, पण पोट काही मागं सरलं नाही. पदराआडूनसुद्धा दिसायचं. निपाणी भागात लग्नाला जा, वास्तुशांतीला जा, कुणीतरी बया विचारायचीच, "कितवा गं?" आता हिनं काय सांगावं कपाळ? दुसरं राहावं म्हणून चिकोडीचे, कोल्हापूरचे डॉक्टर पालथे घालून झाले होते. रिकाम्या पोटाला महिना विचारायचा म्हणजे जखमेवर मीठच की! पण लोकांचं तोंड कोण धरणार?

शेवटी नणंदेचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं नवऱ्याला, धरणेंद्राला, साफ सांगितलं, "दुसरं काय आता हुईत न्हाई. निदान हे लोंबतंय तेवढं तरी काढून टाकूया."

बेळगावच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. जादा कातडं काढायचं, सैल पडलेले स्नायू शिवायचे. "अजून मूल हवं असेल तर आधी ते होऊ द्या," असंही बजावलं. राजश्री हसली. ते होत असतं तर इथं कशाला आले असते मी? घरात सासूला, चंपाक्काला, हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगून टाकलं. चंपाक्का देवभोळी, सोवळ्याओवळ्याची बाई. पोट छान दिसावं म्हणून कापून घेतात, हे तिला सांगून बघा तरी!

मधेच गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा आली. आठ दिवसांची मोठी पूजा, आणि राजश्रीची पाळी नेमकी त्यातच येणार. मग काय, साऱ्या बायका करतात तेच तिनं केलं, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या. पूजा पार पडली, गोळ्या थांबल्या, तरी पाळीचा पत्ता नाही.

"गोळ्यांनी लांबतीच गं. माझी बारा दिवस लांबलेली," शेजारची मनुबाई म्हणाली. राजश्रीला तेवढं पुरलं.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?" महिन्यापूर्वीच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. आता खरं सांगावं तर हे दवाखानेवाले आज घरी धाडणार. लग्न दोन महिन्यांवर, नवरा दुकान बंद ठेवून आलेला, आणि हर्नियाची थाप घरात दोनदा कशी मारणार?

"गेल्या आठवड्यात," राजश्रीनं ठोकून दिलं.

बाराव्या दिवशी, पोटाला पट्टा बांधून घरी पडली असताना, ओटीपोटात कळ आली आणि रक्त दिसलं. खरं सांगायचं तर तिला हायसंच वाटलं. आली बाई एकदाची! तिनं आतूनच सासूला हाक दिली, "आत्ती, मी बाहेरची झाले."

चंपाक्कानं मागच्या खोलीत चटई आणि घोंगडं टाकलं, ताट-तांब्या वेगळा केला. "गोळ्या खाल्ल्या की असंच अंगावरनं लई जातंय. पडून ऱ्हा," म्हणाली. मायेनंच म्हणाली, पण लांबून.

दुसऱ्या दिवशी कळा इतक्या वाढल्या की राजश्रीनं घोंगड्याचा काठ दातात धरला. ब्राह्मी उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. "आज्जी, आई रडाय लागल्या."

"शिवू नको तिला. चार दिवस होऊ देत, मग जा."

त्याच दुपारी न्हाणीत जे पडलं ते राजश्रीनं नीट बघितलं. ही पाळी नव्हती. एक लेकरू पोटात वाढवलेल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही. हाक मारून सांगणार काय? तिनं स्वतःच तांब्यानं पाणी ओतलं, ओततच राहिली, सगळं वाहून जाईपर्यंत. त्या चार दिवसांत तिच्या पाठीवरून कुणाचा हात फिरला नाही.

पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती नवऱ्याबरोबर बेळगावला गेली, आणि तिथं एकदाचं खरं काय ते बोलली. सोनोग्राफी झाली.

"गर्भ राहिला होता," डॉक्टर म्हणाले. "कशानं गेला ते छातीठोक सांगता येणार नाही. पण खरी तारीख कळली असती, तर आम्ही हातच लावला नसता."

परतताना संकेश्वरजवळ धरणेंद्र म्हणाला, "पाच वरसं वाट बघितली गं आपण. तारीख तेवढी खरी सांगायचीस." ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

नणंदेच्या लग्नात राजश्री चापूनचोपून इरकली नेसली. पोट कसं सपाट. "किती बारीक झालीस गं! तुला हर्निया मानवला की!" बायका हसल्या. चंपाक्का कौतुकानं म्हणाली, "आता एक नातू होऊ दे. बस्तीत बोलून ठेवलंय मी."

राजश्री पंगतीत वाढत होती. वाढता वाढता एकेका बाईच्या तोंडाकडं बघत होती. त्या विचारणाऱ्या बायका सगळ्या आल्या होत्या, ओळीनं जेवायला बसल्या होत्या. ज्या प्रश्नानं इतकी वर्षं तिचा जीव नकोसा केला, तो आज एकीनं तरी विचारावा असं तिला वाटत होतं. उत्तर तिनं बोटांवर मोजून ठेवलं होतं. चौथा. चौथा महिना लागला असता.

कुणीच विचारलं नाही.