राक्षस नाम संवत्सरे

धारच्या एका सरदारांच्या पागेत मानाजी चाबुकस्वार होता. म्हणजे कुणालाही पाठीवर बसू न देणारं नवं जनावर त्याच्या हवाली करायचं आणि चार महिन्यांनी लगाम मानणारा घोडा परत घ्यायचा. हे काम त्यानं तीस वर्षं केलं. त्यात डावा गुडघा मोडला आणि एका काठेवाडी घोडीच्या लाथेनं पुढचे दात गेले. तरी माणूस स्वतःवर खूश होता. घोड्याचं वय सांगण्यात त्याचा हात धरणारा धारपासून धामनोदपर्यंत कुणी नव्हता. सौदागर कागद पुढे करी. मानाजी त्याकडे ढुंकूनही बघत नसे. घोड्याचा ओठ वर करायचा, दात पाहायचे आणि सौदागराला माळवी थाटात म्हणायचं, "भिया, हा बारा वर्षांचा आहे. कागद खोटं बोलतो, दात नाही बोलत." हे वाक्य सगळ्या पागेला पाठ होतं. ते पुढे कुणावर उलटणार आहे हे ठाऊक असतं तर त्या बापड्यानं जीभ आवरली असती.

शके अठराशे अठ्ठावीसच्या पाडव्याला धाकट्या सरदारांनी नवा कायदा काढला. ज्याला पंचावन्न वर्षं झाली त्याची चाकरी संपली, आणि पागेतली खोली महिनाभरात रिकामी. वय सांगायला कागद आणावा. आपल्या मराठी पंचांगात त्या साली संवत्सराचं नाव होतं पराभव. नावं काही कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण कधी कधी बसतात खरी.

मानाजीकडे कागद होता. बापानं हौसेनं त्याची पत्रिका करून घेतली होती. ती जपून ठेवावी की नाही? पण हा गृहस्थ ती पागोट्यात खोचून फिरे, आणि एकदा खरारा करायला वाकला तेव्हा घोडीनं पागोट्यासकट ती ओढली. शक, वार, कुंडली, सगळं घोडीच्या पोटात गेलं. हाती राहिली वरची एक ओळ : 'राक्षस नाम संवत्सरे, चैत्र मासे.'

संवत्सरांची नावं साठ, आणि ती फिरून फिरून येतात. तेव्हा राक्षस नावाचं साल कधी होतं हे कळलं की वय कळलं. सरदारांचे कारभारी मोरोपंत घाईत होते. दारात एक माळवी जोशी बसे, त्याच्यापुढे त्यांनी तुकडा टाकला. जोश्यानं बोटांची पेरं मोजली आणि म्हणाला, "बासठ."

पंतांनी बासष्ट लिहिलं. मानाजीनं मान हलवली. त्याला घोड्यांची वयं ठाऊक, स्वतःचं कुठलं ठाऊक असायला?

खोलीवर पार्वती वाट पाहत होती. त्याची बायको. पाच मुलं झाली, एकही जगलं नाही. केस कधीच पांढरेफटक झाले होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिला घेऊन जायचं कुठं? भाऊबंद दक्षिणेत, त्यांचं तोंडही त्यानं कधी पाहिलेलं नाही. मग कुणीतरी सांगितलं, देवासला एक धर्मशाळा आहे, ज्यांना घरदार नाही आणि साठी उलटली आहे अशांना तिथं खोली मिळते, दोन वेळचं मिळतं.

"बासष्ट आहे ना मी," तो पार्वतीला म्हणाला. "मग झालं तर. मी जाऊन ठरवून येतो."

आधी चालत, मग कुणाच्या बैलगाडीत, इंदुरावरून तो तिसऱ्या दिवशी देवासला पोचला. धर्मशाळेची व्यवस्था चिंतामणीबुवा पाहत. घराणं साताऱ्याकडचं, बोलणं गोड, नियम कडक. मानाजीनं आपलं आणि कुटुंबाचं सगळं सांगितलं आणि तुकडा पुढे केला. बुवांनी त्यावर बोट ठेवलं.

"राक्षस. म्हणजे शके सतराशे सत्याहत्तर. तुम्ही एक्कावन्न वर्षांचे आहात, मानाजीराव."

"धारेत बासष्ट म्हणाले."

"माळवी जोशी असेल. त्यांचा संवत्सर गुरूच्या चालीवर चालतो, आपला तसा नाही. नाव तेच, पण त्यांच्याकडे अकरा वर्षं आधी येऊन जातं. पत्रिका मराठी माणसाची, तेव्हा हिशेब आपलाच धरायचा." बुवांनी तुकडा परत दिला. "अजून नऊ वर्षांनी या. तेव्हा दोघांनाही घेऊ."

देवासात एकाच गावात दोन राज्यं नांदतात, तिथं एका माणसाला दोन वयं असली तर कुणाला नवल वाटावं? मानाजी ओट्यावर बसून राहिला. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एक्कावन्न म्हणजे पंचावन्नच्या आत. म्हणजे चाकरी आपली, खोली आपली. तो उठला, बुवांकडून वय लिहून घेतलं आणि मोडक्या गुडघ्यानं धारची वाट धरली. त्या वाटेवर तो चक्क गुणगुणत होता.

मोरोपंतांनी चिठ्ठी दोनदा वाचली. माणूस वाईट नव्हता.

"हिशेब बरोबर आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या घरीही हेच पंचांग आहे. मी त्या दिवशी पाहायला हवं होतं."

"मग पंत, तसं लिहा ना."

पंतांनी सदरेकडे पाहिलं. धाकटे सरदार तिथं उभे राहून ऐकत होते. त्यांनी चिठ्ठीला हातही लावला नाही.

"मानाजी, तूच सांग. घोडा घ्यायचा तर कागद बघायचा की दात?"

घोड्यांचे दोन मोतद्दार तोंडावर हात धरून हसले. मानाजीनं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं की हे दात वयानं गेले नाहीत, तुमच्या वडिलांच्या घोडीनं पाडले. पण तोंड उघडलं ते तसंच राहिलं. इतक्या जनावरांचे ओठ वर केले, त्यांतल्या एकालाही त्यानं कधी बोलू दिलं नव्हतं.

"बासष्ट," सरदार म्हणाले आणि आत गेले.

महिना भरला तेव्हा पार्वतीला इंदुराकडच्या गाडीत बसवून तो निघाला. कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. देवासची वाट ओळखीची झाली होती म्हणून तीच धरली. त्याला रडू येत होतं आणि बायकोला दिसत नाही याचं त्याला बरं वाटत होतं.

शिप्रेच्या काठी गाडी थांबली. पार्वतीनं विचारलं,

"अहो, देवासला तुमचं वय एक्कावन्न ना?"

"हो."

"आणि माझं?"

"तुझं कुठं लिहिलंय?"

"तेच म्हणते मी. माझं कुणी लिहिलंच नाही. एक्कावन्न वर्षांच्या माणसाची आई किती वर्षांची असेल?"

त्याला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्यानं तिचा हात घट्ट धरला.

"पारू, नको."

"नको तर मग काय ते सांगा. मला दिसत नाही. तुमच्या मागे फरपटत किती गावं फिरू? मला एका जागी टेकवा, म्हणजे तुम्ही टांग्याच्या अड्ड्यावर पडाल, कुठंही राहाल. दोघांचं मिळून होत नाही हो आता."

ती चाचपडत पाण्याशी गेली, पदर भिजवला आणि कपाळावरचं कुंकू पुसलं. मंगळसूत्र काढून त्याच्या हातात दिलं. नवरा जिवंत समोर उभा, आणि बाई विधवा झाली. मानाजीनं असं काही पाहायला कुठलं पाप केलं होतं ते मला तरी सांगता येत नाही.

चिंतामणीबुवांनी त्याला ओळखलं.

"या मानाजीराव. ह्या कोण?"

"आई," मानाजी म्हणाला. तो शब्द घशातून निघताना त्याला वाटलं, आपण हिला जमिनीत पुरतो आहोत.

बुवांनी पार्वतीचे पांढरे केस पाहिले, मोकळं कपाळ पाहिलं. "मुलगा एक्कावन्नचा, म्हणजे ह्यांची साठी केव्हाच उलटली. पण गेल्या खेपेला तुम्ही कुटुंबाचं बोलला होतात."

पार्वतीच बोलली.

"ती वारली."

"अरेरे," बुवा म्हणाले. त्यांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला. "आमच्याकडे नियम आहे, बाई. आणून सोडणाऱ्याचं नाव राहणाऱ्याच्याच तोंडून घ्यायचं, उद्या कुणी भलतंच म्हणू नये म्हणून. मुलाचं नाव सांगा."

लग्नातल्या उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर तीस वर्षांत तिनं ते नाव उच्चारलं नव्हतं. 'हे', 'पागेतले', 'इकडून', यांवर संसार झाला होता. बाजारात चुकामूक झाली तरी तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती, कुणी ओळखीचं भेटेपर्यंत एका जागी उभी राहिली होती.

बुवांचा टाक वहीवर थांबला होता. पार्वतीनं न दिसणारे डोळे तो उभा होता त्या बाजूला वळवले.

"मानाजी," ती म्हणाली.

आणि मानाजीनं ओ दिली.