हार घातलेली तक्रारपेटी

चाकणच्या एका कारखान्यातली पत्र्याची तक्रारपेटी ती मी. मित्रांनो, माझा रंग उडालाय, कडी सैल झालीय. पण सांगण्यासारखं एक दुःख पोटात आहे.

ज्ञानदेव फिटरने उरल्यासुरल्या पत्र्यातून मला घडवलं. माझ्या फटीच्या कडा त्याने कानस फिरवून मऊ केल्या. म्हणाला, "बायांचे हात लागतील हिला, कापायला नकोत." पण साहेबांनी मला टांगलं ते गेटपाशी, हजेरीच्या मशीनशेजारी, आल्यागेल्या पाहुण्यांना दिसावं म्हणून. तिथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिठ्ठी कोण टाकणार? पाच वर्षं माझ्या पोटी धुळीशिवाय काही आलं नाही.

मग विजयश्री आली, बीडकडची. वायरिंगच्या लाइनवर काम करी. अक्षर मोत्यासारखं, म्हणून रोजचं टार्गेट फळ्यावर तीच लिही. सुपरवायझर अर्जुनराव काम दाखवायच्या निमित्ताने तिच्या अंगाशी येई. तिने हात झटकला की तिची शिफ्ट बदले. कितीतरी दिवस ती माझ्याकडे बघत नुसतीच पुढे गेली. एकदा जेवणाच्या सुट्टीत मात्र थांबली. तिची बोटं गार होती. चिठ्ठी माझ्यात पडली, आणि मला वाटलं, आज मी खरी पेटी झाले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी मलाही हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मी वेडी हरखले. तेवढ्यात साहेबांनी किल्ली काढली.

"हिला तरी कशाला बंद ठेवायचं? बघू काय निघतंय."

चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हतं. दोन ओळी मोठ्याने वाचून साहेब थबकले. पण अर्जुनराव मागून डोकावला होता.

"अक्षर ओळखीचं दिसतंय, राव. फळ्यावर रोजच बघतो आपण."

"आता उद्याचं टार्गेट कोण लिहिणार, भावा?" कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली.

विजयश्रीच्या हातातला पेढा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी फळा कोरा होता. तिसऱ्या दिवशीही.

पॅकिंगच्या कुसुमताई तिच्या खोलीवर जाऊन आल्या आणि थेट साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"गावाला गेली पोरगी. जाताना म्हणली, ताई, त्याच्या हातापरीस ते हसणं लागलं. सायेब, चिठ्ठी पूजेत वाचायची नसती. बायांच्या तक्रारींची समिती असती, तिनं दार लावून वाचायची असती. कायदा हाय तसा."

पुढे अर्जुनरावाची चौकशी झाली, त्याची नोकरी गेली. विजयश्री काही परत आली नाही.

आता मी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आहे. किल्ली समितीवरच्या कुसुमताईंकडे. माझ्या शेजारी महिलांच्या मदतीचा १८१ हा नंबर चिकटवलाय. कितीतरी महिने मी रिकामीच होते. परवा एक चिठ्ठी आली. घडीवर वेडंवाकडं, डाव्या हाताने काढलेलं अक्षर होतं: 'मोठ्याने वाचू नका.' ताईंनी दार लावलं, आणि ओठही न हलवता ती वाचली.

मित्रांनो, तुमच्याशी कुणी वाईट वागलं, तर त्यात तुमची चूक नसते. भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा, नाहीतर मुलांच्या मदतीच्या १०९८ या नंबरला फोन करा. आणि कुणी तुमच्यापाशी मन मोकळं केलं, तर त्याची गंमत करू नका.

त्या हाराची एक पाकळी अजून माझ्या फटीत अडकली आहे. मला पुन्हा हार नको. दाराला तेवढी कडी लावा.