कडेची टाकी

वरच्या शरच्चंद्रकाकांनी गॅलरीत पाण्याची टाकी बसवली, त्या दिवसापासून खालच्या आमच्या गॅलरीत लेकीला, सलोनीला, कोवळ्या उन्हात घेऊन बसणं मी बंद केलं. पाचशे लिटरची टाकी, चार पायांच्या लोखंडी स्टँडवर, गॅलरीच्या अगदी बाहेरच्या कडेला. बरोबर आमच्या डोक्यावर. कोथरूडला पाणी एकच वेळ येतं, तेव्हा टाकी हवीच; पण कडेलाच का?

"पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो," मी नवऱ्याला, आमोदला म्हटलं.

"स्लॅबच्या आत लोखंड असतं गं," तो बूट घालता घालता म्हणाला. दोन हजार साल उजाडताच कॉम्प्युटर बंद पडतील, या धास्तीने कंपनीत सगळे कामाला जुंपलेले. घरातली धास्ती त्याला किरकोळ वाटायची.

खरं तर भीतीहून जास्त मला प्रश्नच छळत होता. वजन तेच, स्लॅब तोच. मधे ठेवलं काय नि कडेला ठेवलं काय, फरक पडेल तो कसा?

दुपारी सलोनीची फोमची गादी मोकळी होती. तिच्या मधोमध वरवंटा उभा केला. खळगा पडला, पण चहूबाजूंची गादीही थोडी थोडी दबली, जणू सगळ्यांनी मिळून हात लावला. मग कडेला ठेवला. तिथे एका बाजूला गादीच नाही, मदत अर्धीच. वरवंटा कलंडून फरशीवर. सलोनी खिदळली.

तिला कडेवर घेतलं, गादी काखेत, वरवंटा पिशवीत, आणि वर गेले.

"गादीसकट? मुक्कामाला आलात?" काकांनी दार उघडलं.

"काका, टाकी आत भिंतीलगत घेता का?"

"मधे वजन आलं की स्लॅब दबतो. म्हणून तर मुद्दाम कडेला सरकवली. आपण इंजिनिअर?"

"नाही, बी.कॉम."

"वा."

राग गिळला. "खोलीत तुमचं बरोबर आहे, तिथे कडेखाली भिंत असते. गॅलरीची बाहेरची कड अधांतरी आहे." आणि गादी पसरून दाखवलं.

"गादी म्हणजे काँक्रीट नव्हे."

"नव्हेच. पण आजूबाजूची मदत तिथेही लागत असेलच ना?"

काकांनी वरवंटा हातात घेतला. मधे ठेवला, कडेला ठेवला. मग मी न सांगताच कोपऱ्यावर. तो टिकलाच नाही.

"इथे तर पावच गादी कामाला," ते पुटपुटले.

आतून आनंदीकाकू म्हणाल्या, "अहो, स्टँडचा एक पाय कोपऱ्यातच आहे."

काका उठले आणि टाकीचा नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी, टाकी रिकामी म्हणून सलोनीला घेऊन गॅलरीत आले, तर वरून काका ओरडले, "आत जा आधी! इंजिनिअर अजून बघून गेलेला नाही. चीर पडली असेल तर? ऊन हवं तर वर या, आमच्या हॉलमध्ये भरपूर येतं."

गेले. टेबलावर सोफ्याची उशी, अर्धी जाड पुस्तकांखाली दाबलेली, अर्धी टेबलाबाहेर तरंगती.

"ही गॅलरी," काका काकूंचा वरवंटा उचलत म्हणाले. "तुमच्या गादीखाली जमीन होती. हिच्याखाली काहीच नाही. बसा, पोरीला उन्हात ठेवा, आणि मला सांगा, आधी पुस्तकांजवळ ठेवू की टोकाला?"