अमृतरावांच्या नंबरावरची माणसं

तामसीत बहुतेकांकडे मोबाईल होता, पण तो कधी पोराकडे, कधी बंद. म्हणून आदिलाबादच्या तपासणी केंद्रात रक्त देताना गावातली माणसं अमृतराव दुकानदारांचा नंबर सांगत. ते निरोप घरपोच नेऊन देत. केंद्राचं सॉफ्टवेअर मात्र नाव आणि नंबर जुळला की जुनीच नोंद उघडे, अन् दुसऱ्या माणसाचा रिपोर्ट पहिल्याच्या नोंदीत जाऊन बसे. अमृतराव होते तोवर काही अडलं नाही. कोण कधी शहरात गेलं, हे त्यांना तोंडपाठ असे; त्यावरून रिपोर्ट कोणाचा ते कळे.

आषाढात ते गेले. फोन त्यांच्या मुलीकडे, प्रणिताकडे आला. त्याच केंद्रात ती कॉम्प्युटर सांभाळायची.

मंगळवारी त्या फोनवर देवकाबाईच्या रिपोर्टचा मेसेज आला. प्रणिताने नोंद उघडली. एकाच दिवसाचे तीन रिपोर्ट. दोन ठीक, तिसऱ्यात मूत्रपिंडं जवळजवळ थांबलेली. तामसीत देवकाबाई तीन, आणि केंद्राच्या रविवारच्या तपासणी शिबिरात तिघींनी रक्त दिलेलं. कोणता रिपोर्ट कुठल्या घरचा, हे सॉफ्टवेअरच्या आत होतं. पडद्यावर दिसत नव्हतं. आत शोधायचं तर नोंदी उपसून काढणारं क्वेरीचं टूल हवं. ते महिनाभर फुकट वापरायला मिळालं होतं, ती मुदत संपली होती; आता विकत घ्यावं लागणार होतं.

ती टूलसाठीचा तिसरा अर्ज घेऊन केंद्राच्या मालकांकडे, सुधाकररावांकडे गेली.

"पुन्हा तेच? काऊन मागं लागून राह्यली बाई?"

"सर, आज मिळालं तर आजच कळंल कोणती देवकाबाई ते."

"तिघींचंबी रक्त पुन्हा घे ना. सुई आपल्याच घरची हाय."

"त्यांना कळवू कसं? तिघींचा नंबर बापूंचाच आहे."

सुधाकररावांनी पेन उचललं. मग मायेनंच म्हणाले, "तुझ्या बापूंचा फोन चालू ठेव. रिचार्ज केंद्र भरंल, दर महिन्याला. लिहून देतो."

शेजारी उभा असलेला काउंटरवरचा भूषण म्हणाला, "आमच्यापेक्षा अमृतरावांचीच नोकरी पक्की." म्हटल्यावर त्याने जीभ चावली.

बुधवारी सकाळच्या बसने प्रणिता केंद्रातल्या रक्त घेणाऱ्या नर्सला घेऊन तामसीला गेली. दोघी देवकाबाई भेटल्या. "एकदा दिलं की वं रक्त," कुरकुरत दोघींनी हात पुढे केला. तिसरीच्या दाराला कुलूप होतं. रात्री धाप लागली, लेकाने गाडी करून मोठ्या दवाखान्याकडे नेलं, गुडीहत्नूरच्या पुढे रस्त्यातच गेली, असं शेजारणीने सांगितलं.

संध्याकाळी दोघींचे रिपोर्ट आले. दोन्ही ठीक.

"म्हंजे ती तिसरीच व्हती," सुधाकररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. खरंच पुसले. "लई वाईट झालं." थोड्या वेळाने अर्ज तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "पण बघ, टूल न घेताबी कळलंच ना?"

प्रणिताने अर्ज घेतला. बापूंच्या नंबरावर अजून एकशे चाळीस नोंदी होत्या. त्यांतली कोणती माणसं कोणात मिसळली आहेत, ते तिला दिसत नव्हतं.