नळीवरच्या सात खाचा

तुयाराने नळीवर पाणी ओतलं आणि ब्रशने उरलेला चिखल काढला. रेनडिअरच्या पायाच्या हाडाची नळी होती ती. टोकाजवळ सात बारीक खाचा होत्या.

"बाबा, बघा तरी! सुरीच्या खाचा! आणि थर वीस हजार वर्षांपूर्वीचा!"

गव्रील चुलीपाशी चहा ढवळत बसला होता. लेकीच्या उत्खननाच्या छावणीवर स्वयंपाक, होडी आणि अस्वलांवर नजर, ही तिन्ही खाती त्याच्याकडे होती. उकरलेल्या हाडांचं त्याला कौतुक नव्हतं. नदी दर वर्षी काठ खाते आणि आतलं ओकते, त्यात नवल ते काय!

"कुणीतरी भुकेलं असेल," तो म्हणाला.

"चेष्टा नको. संस्थेचे संचालक आज येतायत. रिकाम्या हाताने परतले तर छावणी बंद, आणि मी शहरात फायली लावत बसणार." मग ती हसली. "गंमत बघा, खाचा उलट्या कलतात. डावखुरं होतं कुणीतरी."

गव्रीलने पळी खाली ठेवली. नळी हातात घेऊन त्याने खाचांवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. तो कड्यापाशी गेला. त्यांची जुनी वस्ती नदीने केव्हाच गिळली होती. ओळखीचा राहिला होता तो फक्त पलीकडच्या काठावरचा दुभंगलेला खडक. त्याच्याकडे बघत, अंदाज घेत, तो खड्ड्याच्या कडेशी येऊन थांबला.

"तुयारा, हे आपलं मांस गोठवून ठेवायचं तळघर आहे गं."

"काहीतरीच! माती अखंड आहे. मी स्वतः तपासलीय."

"अखंडच दिसणार. छत खचायला लागलं तेव्हा मीच बुजवलं. गाळ, वर पाणी, पुन्हा गाळ. एका हिवाळ्यात गोठून दगड झाला. आपल्यात शिकारीची हाडं कुत्र्यांपुढे टाकायची नसतात, म्हणून तीही आतच ठेवली."

त्याचा आवाज ओशाळला होता, पण त्यात थोडा अभिमानही होता. काम चोख झालं होतं.

तुयाराचा चेहरा उतरला. "उन्हाळाभर इथे बसून चहा ढवळलात, आणि आज सांगताय?"

"आज कळलं. तुझी आई डावखुरी होती."

आई गेली तेव्हा तुयारा वर्षाची होती. घरात आईचा एकच फोटो होता आणि त्यात तिचे हात शालीखाली होते. तुयाराला रागही येत होता आणि रडूही. नळी मात्र तिने बापाच्या हातातून काढून घेतली.

"इथे कशाला कापलं असेल तिने? इथे मांस नसतं."

"कातडं सोललंय. पायाच्या कातड्याचे बूट होतात."

"कुणाचे?"

"त्या हिवाळ्यात एकच जनावर मारलं होतं. तू पोटात होतीस." गव्रीलने अंगठा आणि तर्जनी ताणून माप दाखवलं. "एवढे."

खाली मोटारबोट काठाला लागली. संचालक धापा टाकत कडा चढून वर आले.

"काय मग, मिळालं का काही?"

"मिळालं," तुयारा म्हणाली. "पण तुमच्या कामाचं नाही."